रानबदकांना व रानहंसांना दाणा टाकावा काय?

दिवाळी सरून रब्बीच्या पेरण्या उरकत आल्या म्हणजे महाराष्ट्रातील जलाशयांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. पैठणचा नाथसागर, भीमा नदीवरील उजनी जलाशय, तसेच निफाड तालुक्यातील गोदावरी व कादवा यांच्या संगमावरील नांदूरमध्यमेश्वर या ठिकाणी तलवार बदक, थापट्या, चक्रवाक व पट्टकादंब यांचे थवे हिवाळाभर दृष्टीस पडतात. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा रानहंस मध्य आशियात व तिबेटच्या पठारावर वीण करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून २०२० च्या जानेवारीत जाहीर झाले.

असे पाहुणे दारी आले असता चार दाणे टाकावेत, ही आपल्या लोकांची जुनी वृत्ती आहे. अंगणात चिमण्यांसाठी कण्या टाकणाऱ्या हाताला तळ्याकाठी पाव, शेव किंवा चुरमुरे टाकताना काही वावगे वाटत नाही. मुंबईहून मांडव्यास जाणाऱ्या होड्यांवरून कुरव पक्ष्यांना असा खाऊ टाकलेला अनेकांनी पाहिला असेल. हेतू चांगला आहे यात शंका नाही. परंतु रानबदकांच्या बाबतीत या दयेपासून हितापेक्षा अहित अधिक होते, आणि त्याची झळ कोंबडीपालन करणाऱ्या शेतकऱ्यालाही लागू शकते.

निसर्गाने प्रत्येक जातीचे पान वेगळे वाढलेले आहे. थापट्या आपल्या रुंद चोचीने पाणी गाळून त्यातील बारीक जीव व बी खातो. तलवार बदक लांब मान पाण्यात बुडवून तळाचे कंद व दाणे शोधतो. पट्टकादंब गुरांप्रमाणे गवत चरतो. अशा रीतीने हे पक्षी मोठ्या क्षेत्रावर पांगून राहतात. काठावर रोज खाऊ पडू लागला की सर्व जाती एकाच जागी गोळा होतात. तेथेच खातात, तेथेच विष्ठा टाकतात आणि तेच पाणी पितात. एका गोठ्यात मावतील त्याहून अधिक जनावरे कोंबल्यास काय होते, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

बर्ड फ्लूचा विषाणू मुख्यतः विष्ठेतून पसरतो व थंड पाण्यात बराच काळ टिकून राहतो. कित्येक रानबदके स्वतः आजारी न दिसता तो वाहून नेतात. हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर २०२० च्या डिसेंबरअखेरीस पक्षी मरू लागले. एच५एन१ विषाणूमुळे तेथे हजारो पक्षी दगावले व त्यांत पट्टकादंबांची संख्या सर्वाधिक होती. आपल्या राज्यात २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर येथे पाळीव कोंबड्यांत हा रोग देशात प्रथमच आढळला, तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. या साथी खाऊ टाकल्यामुळे उद्भवल्या असे नव्हे. मात्र पक्ष्यांची दाटी रोगाला वाट करून देते, एवढे यावरून ध्यानी घ्यावे.

दुसरी गोष्ट खाद्याची. पावाने पोट भरते, पण अंगी लागत नाही. शेव-फरसाणातील तेल-मीठ या पक्ष्यांच्या आहारातले नव्हे. न खाल्लेले अन्न पाण्यात कुजते, शेवाळ माजते व पाण्यातील प्राणवायू घटतो. कुजणाऱ्या पदार्थांत, प्राणवायू नसलेल्या जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. राजस्थानातील सांभर सरोवरावर २०१९ च्या नोव्हेंबरात याच रोगाने अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. बुरशी धरलेले धान्य तर मुळीच टाकू नये. इंग्लंडात १९६० साली बुरशीयुक्त भुईमूग पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, आणि बदकांची पिले त्या विषाला विशेष बळी पडतात असे दिसून आले. हळदीकुंकू बदक व अडई आपल्याच तळ्यांवर पावसाळ्यात पिले काढतात, हे येथे लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट पिकाची. खाऊच्या आशेने काठाला सरावलेला थवा जवळच्या गाळपेर हरभऱ्यात किंवा गव्हात उतरावयास वेळ लागत नाही. शिवाय माणसाचे भय मोडलेला पक्षी फासेपारध करणाऱ्याच्या जाळ्यात सहज सापडतो. म्हणजे एकाने दाणा टाकावा, दुसऱ्याचे पीक जावे आणि शेवटी पक्ष्याचा जीव जावा, असा हा व्यवहार होतो.

मग या पाहुण्यांसाठी काहीच करू नये काय? करण्यासारखे पुष्कळ आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ग्रामसभेत समजावून द्याव्यात :

१. जलाशयाच्या काठी पक्ष्यांना खाऊ टाकू नये. तसा फलक ग्रामपंचायतीने लावावा.

२. काठावरील लव्हाळे, पाणगवत व उथळ दलदल राखावी. हेच पक्ष्यांचे खरे कोठार आहे.

३. औषध लावलेले बियाणे पेरताना नीट मातीआड करावे. सांडलेले गोळा करून पुरावे.

४. पाळीव कोंबड्या व बदके जलाशयावर सोडू नयेत. खुराड्याला जाळी लावावी. जलाशयावरून आलेल्याने पायताण बदलूनच आत जावे. खुराड्यातील घाण पाण्यात टाकू नये.

५. पीक राखण्यासाठी राखण करावी, आवाज करून थवे उठवावेत. विषारी दाणा कदापि घालू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो गुन्हा आहे.

६. मेलेला किंवा मान टाकलेला पक्षी आढळल्यास हात लावू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास व वनरक्षकास त्वरित कळवावे.

हे पक्षी हजारो मैलांचा प्रवास स्वबळावर करून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, अंगी मेद साठवून, परत जातात. त्यांना आपल्या मूठभर शेवेची गरज नाही. स्वच्छ पाणी, निर्वेध काठ व भयमुक्त विसावा यांची गरज आहे. तेवढे ज्या गावाने दिले, त्या गावाने त्यांचा उत्तम पाहुणचार केला असे समजावे. त्यातच आपल्या कोंबड्यांचे व पिकांचेही रक्षण आहे.