दहावीनंतरची वाट : ग्रंथ आणि अवजार

दहावीचा निकाल लागला की आपल्या विद्यालयाच्या व्हरांड्यात पालकांची गर्दी होते. हातात गुणपत्रिका, शेजारी मुलगा किंवा मुलगी आणि ओठांवर एकच प्रश्न असतो : "सर, आता पुढं काय करायचं?" वसतिगृह सोडून जाणाऱ्या या मुलांपुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक कनिष्ठ महाविद्यालयातून पदवीकडे जाते; दुसरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून, म्हणजे आयटीआयमधून, कारखान्याकडे किंवा स्वतःच्या व्यवसायाकडे जाते. या स्मरणिकेच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा सविस्तर विचार मांडावा असे आम्हांस वाटते. कारण त्याचे उत्तर देताना आम्ही शिक्षकही चुकलो आहोत.

अनेक वर्षे आमचा हिशेब सोपा होता. चांगले गुण मिळाले की महाविद्यालय, बेताचे मिळाले की आयटीआय. काही वर्षांपूर्वी पंचाहत्तर टक्के गुण मिळवलेला एक विद्यार्थी "मी फिटरला जातो" म्हणाला. वसतिगृहाचा पाण्याचा पंप बिघडला की मिस्त्री येण्याआधी हाच तो उघडून बसलेला असे. आम्ही त्याची समजूत काढली, त्याच्या वडिलांचीही काढली आणि त्याला विज्ञान शाखेत पाठवले. बारावीत तो दोनदा नापास झाला. पुढे तो आयटीआयलाच गेला आणि आज एका कारखान्यात मानाने काम करतो. परंतु त्याची ती वर्षे आणि त्या काळात वडिलांच्या डोक्यावर झालेले कर्ज, या दोन्हींचे धनी आम्ही आहोत.

याउलट एका विद्यार्थिनीला इतिहास शिकायचा होता. गुण बेताचे, घरची परिस्थिती हलाखीची. म्हणून आम्ही तिला शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला. तिने आमचे ऐकले नाही. दिवसा दुकानात काम करून तिने बी. ए. केले, मग बी. एड. केले. आज ती शिक्षिका आहे. दोन्ही वेळा आम्ही गुणपत्रिका वाचली. मूल वाचले नाही.

दोन्ही दारे बंद होती

आपल्या समाजात महाविद्यालयाविषयी जो आदर आहे, त्यामागे मोठा इतिहास आहे. बाबासाहेबांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाची सुरुवात झाली. ज्या घरांत अक्षर पोहोचले नव्हते, त्या घरांतून या संस्थांमुळे प्राध्यापक, वकील, अधिकारी निघाले. पदवी हे आपल्यासाठी माणूसपणाचे प्रमाणपत्र ठरले. म्हणूनच एक वडील आम्हांला म्हणाले होते, "सर, आम्ही जन्मभर हातानंच राबलो. पोरानं तरी पाना धरू नये, पेन धरावं." या वाक्यामागची वेदना आम्हांला कळते.

तथापि इतिहासाची एक बाजू आपण विसरतो. आपल्याला केवळ ग्रंथच नाकारला गेला असे नाही. चांगले अवजारही नाकारले गेले. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना त्रासन खात्यात काम मिळे, परंतु अधिक मजुरीच्या साचेखात्यात प्रवेश नसे. धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागे, आणि तोंड लागलेला धोटा विटाळतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. कष्ट आपल्या वाट्याला भरपूर होते. कौशल्य आणि त्याचा मोबदला मात्र दुसऱ्याच्या वाट्याला होता.

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी सरकारला एक निवेदन सादर केले. केवळ कला व कायद्याच्या शिक्षणाने अस्पृश्य समाजाचे भागणार नाही, विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण त्याला मिळाले पाहिजे, असा त्यातला एक आग्रह होता. त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने येथे आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तांत्रिक शिक्षण द्यावे, अशीही मागणी होती. म्हणजे ज्या महापुरुषाने आपल्यासाठी महाविद्यालये काढली, त्यानेच आपल्या मुलांसाठी कारखान्याचे दार ठोठावले. बाबासाहेबांची वृत्तपत्रे लेखणीतून जन्मली हे खरे. पण भारत भूषण छापखान्यात खिळे जुळवणारे आणि यंत्र चालवणारे हात नसते, तर तो विचार आपल्या वस्तीपर्यंत कसा पोहोचला असता?

निवड आणि लादणूक

येथे एक सावधगिरी हवी. हाताच्या कामाचा गौरव करता करता बहुजनांच्या मुलांना वाडवडिलांच्या धंद्यातच अडकवण्याचे प्रयत्नही झाले आहेत. १९५३ साली मद्रास प्रांतात मुख्यमंत्री राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. पेरियार यांनी तिच्याविरुद्ध रान उठवले. १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. मुलाची वाट त्याच्या जन्मावरून ठरवणे हा त्या योजनेचा मूळ दोष होता.

बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेवर जे आक्षेप घेतले, त्यांतला एक हाच आहे : ती माणसाला स्वतःच्या कलानुसार काम निवडू देत नाही. म्हणून गावकीचे वतनी काम आणि निवडून शिकलेला हुन्नर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वतनी काम करणाऱ्याला नकार देण्याची मुभा नव्हती, ठरलेली मजुरी नव्हती, बढती नव्हती. वीजतंत्री झालेल्या आपल्या मुलीच्या हातात प्रमाणपत्र असते, कामाचा दर ती सांगते आणि पटले नाही तर दुसरीकडे जाते. मात्र गरीब आहे, आपल्यातला आहे, म्हणून एखाद्या हुशार मुलाला कोणी आयटीआयकडे ढकलत असेल, तर ते नव्या स्वरूपातले वतनच समजावे. तसेच केवळ आपली प्रतिष्ठा राहावी म्हणून यंत्रात रमणाऱ्या मुलाला महाविद्यालयाच्या बाकावर बसवणे, हीसुद्धा लादणूकच होय.

या बाबतीत धम्माची शिकवण स्पष्ट आहे. आपल्या वसतिगृहात जे महामंगल सुत्त मुले म्हणतात, त्यात बहुश्रुतता आणि शिल्प ही दोन्ही मंगले शेजारी शेजारी सांगितली आहेत. निर्दोष कर्माचाही त्यात समावेश आहे. नापित उपाली याला शाक्य कुमारांच्या आधी दीक्षा देऊन भगवंतांनी त्यांना त्याच्यापुढे नतमस्तक व्हायला लावले, आणि हाच उपाली पुढे विनयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार ठरला. अष्टांगिक मार्गातील सम्यक आजीविका हे काम हाताचे की डोक्याचे असे विचारत नाही. त्या कामाने कोणाची हिंसा वा फसवणूक होते का, एवढेच विचारते.

प्रत्यक्ष निर्णय घेताना

आता व्यवहाराचे बोलू. पदवीसाठी दहावीनंतर अकरावी-बारावीची दोन आणि पुढची किमान तीन, अशी पाच वर्षे लागतात. शिक्षक, वकील किंवा प्रशासकीय अधिकारी व्हायचे असेल, तर या वाटेला पर्याय नाही आणि पदवीनंतरही अभ्यास संपत नाही. आयटीआयमध्ये फिटर, वीजतंत्री, टर्नर, मशिनिस्ट असे ट्रेड दोन वर्षांचे आणि वेल्डरसारखे काही एक वर्षाचे असतात. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते. रेल्वेतील सहायक लोको पायलट, वीज कंपनीतील तंत्रज्ञ अशा जागांसाठी आयटीआयचे प्रमाणपत्र उपयोगी पडते.

एकदा आयटीआयला गेले की शिक्षण संपले, हा समज चुकीचा आहे. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेशाची संधी असते आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीलाही तशीच वाट आहे. नोकरी करता करता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. म्हणून आम्ही पालकांना सांगतो : कोणतीही वाट धरताना तिच्यापुढचे दार उघडे आहे ना, ते आधी पाहा.

आयटीआय निवडताना संस्थेला आणि त्या ट्रेडला राष्ट्रीय परिषदेची मान्यता आहे का, कार्यशाळेतली यंत्रे चालू आहेत का, आणि मागच्या तुकडीतली मुले कोठे लागली, या तीन गोष्टी स्वतः जाऊन पाहाव्यात. महाविद्यालय निवडतानाही इमारत पाहून भुलू नये. ग्रंथालय, नियमित तासिका आणि शिक्षकांच्या भरलेल्या जागा पाहाव्यात. खर्चाचा विचार करताना केवळ प्रवेश शुल्क मोजू नये. राहणे, जेवण, प्रवास आणि घरात पैसा न येण्याची वर्षे, हे सारे मोजावे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह न मिळालेल्यांसाठीची स्वाधार योजना यांची चौकशी प्रवेशाच्या आधीच करावी. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांची तयारी नववीतच सुरू करावी. कागद वेळेवर न मिळाल्याने हातातली जागा गेलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

या सर्वांपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मुलाला विचारायचा असतो : कोणी सांगितले नसताना तू काय करत बसतोस? कोणी वर्तमानपत्राचा कपटाही वाचून काढतो, कोणी बंद पडलेला पंखा उघडतो, कोणी लहान मुलांचा अभ्यास घेतो. गुणपत्रिकेतून न दिसणारा कल तेथे दिसतो. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक आस्थेने विचारला पाहिजे. 'मुलीला शिवणकाम बरे' असे म्हणून आपण तिच्यासाठी वीजतंत्रीचे आणि विद्यापीठाचे, अशी दोन्ही दारे न विचारताच लावून घेतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे आमचे एक मागणे आहे. आपल्यांत अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत, तसेच वेल्डर, वीजतंत्री आणि स्वतःची कार्यशाळा चालवणारेही आहेत. संमेलनाच्या व्यासपीठावर मात्र आम्ही आजवर पदवीधरांनाच बसवत आलो. ही चूकही आमचीच. यापुढे निकालानंतरच्या आठवड्यात दोन्ही वाटांवरच्या माजी विद्यार्थ्यांनी एक दिवस विद्यालयासाठी काढावा. आपले काम कसे चालते, पगार किती, अडचणी कोणत्या, जातीचा त्रास अजून कोठे होतो आणि त्याला तोंड कसे देता, हे त्यांनी मुलांना मोकळेपणाने सांगावे. पंप उघडून बसणारा तो विद्यार्थीही येणार आहे. पाना धरायचा की पेन, हे व्हरांड्यात उभ्या असलेल्या मुलांनी त्याचे आणि त्या शिक्षिकेचेही ऐकून स्वतः ठरवावे.

नमो बुद्धाय! जय भीम!