गोवा राहू दे, घाट चढू या!

दिवाळीची सुट्टी लागली की ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘गोवा?’ मग पंधरा जण अंगठा दाखवतात, तिघे तिकिटं बघतात आणि शेवटी सगळे टिटवाळ्याला वडापाव खाऊन घरी येतात. यंदा जरा वेगळा बेत करा. ऊन भरपूर, डोंगर भरपूर आणि आंबिवली स्टेशनपासून सायकलवर गाठता येईल असा एक मुलूख आपल्या दाराशीच आहे. माळशेज घाट चढायचा आणि जुन्नरला मुक्काम करून परत यायचं. तीन दिवस, स्वतःच्या पायांवर.

तिकडे युरोपातले सायकलवाले वसंत ऋतूत स्पेनच्या मायोर्का बेटावर जातात. तिथला सा कालोब्रा हा घाट सुमारे साडेनऊ किलोमीटरचा, सरासरी सात टक्के चढाचा. त्याचे फोटो बघून आपण ‘काय भारी रे!’ म्हणतो. आणि आपल्या उशाला सह्याद्री आहे, त्याच्याकडे मात्र लोकलच्या खिडकीतून बघतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटांचा राजा’ म्हणतात. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. म्हणजे सायकल आणि घाट हे नातं आपल्याकडे नवं नाही.

आंबिवलीत तर सायकलचं नातं त्याहून जुनं. मोहने-आंबिवलीतल्या कुठल्याही आजोबांना विचारा, ‘एनआरसी’चा भोंगा आणि शिफ्टला निघालेल्या सायकली त्यांना आठवतात. २००९मध्ये कंपनी बंद पडली. माझ्या बाबांची सायकल तेव्हापासून जिन्याखाली धूळ खात होती. तीच पुसून मी पहिल्यांदा माळशेजला निघालो आणि सपशेल आपटलो. तुम्ही आपटू नये, म्हणून हा लेख.

आमचं काय चुकलं?

सगळंच! सहाला निघायचं ठरलं, निघालो साडेआठला. तिघांत मिळून दोन बाटल्या पाणी. नाश्ता म्हणून एकेक प्लेट भजी. बाबांच्या सायकलला गिअर नव्हते, तरी ‘होईल रे’ म्हणत निघालो. टोकावड्याच्या पुढे दुपारचा एक वाजला आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर मित्राच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. घाम तर बंदच झालेला. एका पिकअपवाल्याने आम्हाला सायकलींसकट मुरबाडला आणून सोडलं. त्या दिवशी तो गाडीवाला भेटला नसता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो. घरी आईने एकच वाक्य ऐकवलं, ‘मरायचं असेल तर सांगून जात जा.’

दुसऱ्या वेळी मात्र दोन महिने आधी तयारी केली. आणि पोहोचलो.

रस्ता कुठला?

शहाड, म्हारळ, कांबा हा नेहमीचा मार्ग गाड्यांनी भरलेला असतो. त्यापेक्षा आंबिवलीहून बल्याणी, टिटवाळा आणि तिथून गोवेलीला मुरबाड रोडवर या. पुढे मुरबाड, टोकावडे, मोरोशी आणि घाट. माथ्यापर्यंत सुमारे ८५ किलोमीटर होतात. हा कल्याणहून अहिल्यानगरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१. जुन्नर-ओतूरची भाजी रात्री याच घाटातून कल्याणच्या मार्केटात उतरते, त्यामुळे अंधारात इथे ट्रक-टेम्पोंचं राज्य असतं. सायकल अंधार पडायच्या आत मुक्कामाला लागलीच पाहिजे. हा नियम मोडायचा नाही.

पहिला दिवस सगळ्यांत कठीण. पहाटे साडेपाचला पुढे-मागे दिवे लावून निघा. साडेसातपर्यंत मुरबाड, दहाच्या सुमारास घाटाचा पायथा. बाराच्या आत माथा गाठला, की दुपार सावलीत. वर एमटीडीसीचं निवासस्थान आहे, बुकिंग आधीच करा. शनिवार-रविवार टाळलात तर जागाही मिळते आणि रस्त्यावर गर्दीही कमी.

दुसऱ्या दिवशी आराम. पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी बघत, मढवरून पुढे बनकर फाट्याला वळून, गणेश खिंडीतून जुन्नर. जेमतेम ३०-३५ किलोमीटर. दुपारनंतर शिवनेरी चढा. १६३०मध्ये शिवराय जन्मले तो हा गड. सायकलवर इथवर आल्यावर त्या पायऱ्या चढताना मांड्या भरून येतात आणि छातीही.

तिसऱ्या दिवशी परत. अंतर सुमारे १२० किलोमीटर, पण घाटाचा उतार तुमच्या बाजूने. फसवतो तो वारा. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि मुरबाडच्या पुढे तो थेट तोंडावर येतो. म्हणून जुन्नर उजाडताच सोडा. एवढा दम नसेल तर घाटमाथ्यावर आणखी एक रात्र राहा. लाज कसली?

चढाचं गणित

दहा किलोमीटरमध्ये पाचशे मीटर उंची गाठली, तर सरासरी चढ पाच टक्के. माळशेजचा चढ साधारण याच घरातला. म्हणजे तो जीवघेणा नाही, लांबलचक आहे. घाट ताकदीवर नाही, संयमावर चढतात. सुरुवातीलाच सगळ्यांत हलका गिअर टाका. शेजारच्याशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत, इतकाच वेग ठेवा. बोलता येईना, की थांबा. गिअर नसलेली सायकल घाटात नेऊ नका. स्वतःची नसेल तर मित्राची मागा, भाड्याने घ्या. महागडीच हवी असं काही नाही. मागच्या चाकाची सगळ्यांत मोठी चक्री मोठी असली की झालं.

सराव सहा आठवडे आधी सुरू करा. पहिल्या रविवारी टिटवाळा-गोवेली करून परत. मग मुरबाडला जाऊन परत. मग बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड, या रस्त्यावर चढ-उतार आहेत. शेवटी शनिवार-रविवार असे सलग दोन दिवस चालवा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवलं, तर तुम्ही तयार आहात. सीटची उंचीही तपासा. पेडल सगळ्यांत खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघे बोलायला लागतात.

पोट आणि पाणी

माणशी दोन बाटल्या, त्यातल्या एकीत मीठ-साखर-लिंबू. तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. दर पाऊण तासाने केळं, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू. नाश्त्याला पोहे-उपमा चालेल, भजी परत आल्यावर. घाटात माकडं पिशवीवर डोळा ठेवून असतात, हेही लक्षात असू द्या.

उतरताना

चढताना माणूस दमतो, उतरताना जायबंदी होतो. निघण्याआधी दोन्ही ब्रेकचे रबर बदलून घ्या. सतत ब्रेक दाबून ठेवलात तर रिम तापते. दोन्ही ब्रेक थोडे दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आधीच वेग कमी करा, वळणात नाही. अंग किंचित मागे ठेवा. वाटेत छोटा बोगदा लागतो, तिथे आधीच दिवे लावा. हेल्मेट घरून निघाल्यापासून घरी येईपर्यंत डोक्यावर. सोबत दोन ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान. आणि सगळ्यांना, हो सगळ्यांना, ट्यूब बदलता आली पाहिजे.

सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात माळशेज देखणा असतो, पण धुकं आणि दरडी सायकलवाल्याला माफ करत नाहीत.

घरी काय सांगायचं?

खरं ते. मुक्कामाचा पत्ता, फोन नंबर, वेळापत्रक कागदावर लिहून फ्रिजला लावा. घाटात नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. पायथ्याला एक फोन, माथ्यावर एक फोन, हे घरी ठरवून टाका. अडचण आलीच तर ११२. आणि कुणा एकाला चक्कर आली, तर सगळ्यांनी थांबायचं. ‘तू बस, आम्ही वर जाऊन येतो’ हे चालणार नाही.

दुसऱ्या वेळी माथ्यावरून मी बाबांना फोन केला. ते दोन सेकंद गप्पच होते. मग म्हणाले, ‘चेनला तेल टाकलंस ना?’ अख्खं आयुष्य सायकलने कामावर गेलेल्या माणसाची ती शाबासकी होती.

तर मग, ग्रुपवर मेसेज टाका. पंधरा अंगठे नकोत. सोबत येणारे दोघे पुरे.