पावडरीनं लिव्हरची चरबी उतरत नाही

गेल्या वर्षावासात अहिल्यानगर शहराजवळच्या एका वस्तीत, विहारातच आम्ही वजनकाटा आणि मापाची टेप घेऊन बसलो होतो. वंदना झाली, बायका पुढे आल्या. एक ताई मात्र सगळ्या गेल्यावर आल्या. वय बेचाळीस, उंची पाच फूट, वजन १०८ किलो. दिवसभर पत्र्याच्या खोलीत शिलाई मशीनवर काम. पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता, त्यावर ‘फॅटी लिव्हर’ लिहिलेलं. घरच्यांनी विचारलं होतं, “चोरून पितेस का?” हे सांगताना ताईंना रडू आवरेना.

आधी हेच स्पष्ट करू. दारूचा थेंबही न घेणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये चरबी साठते. जास्त वजन, साखरेचा आजार, वाढलेली ढेरी ही त्याची मोठी कारणं आहेत. वजन खूपच जास्त असेल, तर बहुतेकांच्या लिव्हरमध्ये थोडीफार चरबी सापडतेच. दुखत काही नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. काहींना पुढे सूज येते, लिव्हर कडक होत जातं.

ताईंची दुसरी गोष्ट अधिक काळजीची होती. रक्तात व्हिटॅमिन डी कमी निघालं म्हणून त्यांना ६०,००० युनिटची पावडर मिळाली होती. आठवड्याला एक, आठ आठवडे. ताईंना वाटलं ही लिव्हरची पावडर. त्यांनी ती पाच महिने घेतली, शेवटी तर दिवसाआड. मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू झाली. तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं. असंच चालू राहिलं असतं तर किडनीवर बेतलं असतं. पावडर देताना दोन मिनिटं समजावून सांगितलं असतं, तर हे टळलं असतं.

व्हिटॅमिन डी उन्हामुळे कातडीत तयार होतं, लिव्हरमध्ये त्याचं रूप बदलतं आणि तेच रूप रक्ततपासणीत मोजतात. ते चरबीत विरघळतं. अंगात चरबी जास्त असली की तिथेच पसरून राहतं, रक्तात कमी दिसतं. २००० साली अमेरिकेत बॉस्टनच्या संशोधकांनी जाड आणि सडपातळ माणसांना सारखेच किरण दिले. जाड माणसांच्या रक्तात निम्म्याहूनही कमी वाढ झाली. म्हणून त्यांना डोस जास्त लागू शकतो, पण तो डॉक्टरांनी तपासणी पाहून ठरवायचा. कमतरता भरून निघाली की हाडांना, स्नायूंना फायदा होतो. लिव्हरची चरबी मात्र त्यानं उतरते, असं प्रयोगांत खात्रीनं दिसलेलं नाही.

ती उतरते वजन उतरल्यावर. सात ते दहा टक्के वजन घटलं तर लिव्हरची सूजही कमी होऊ शकते. ताईंच्या बाबतीत म्हणजे साडेसात ते अकरा किलो. सहा महिने, वर्ष लागू द्या. सुरुवात चहाच्या साखरेपासून, बिस्किटापासून, थंड पेयाच्या बाटलीपासून करा. बाजरी-ज्वारीची भाकरी ठेवा, पण मोजून. आणि कुणी अंडी-मासळीला दोष दिला तर ऐकू नका. उकडलेलं अंडं, कमी तेलातलं सुकट चांगलंच. गुडघे दुखत असतील तर दहा-दहा मिनिटं तीनदा चाला, त्यातलं एकदा थंडीच्या दिवसांत उन्हात. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही. वैशाखाच्या उन्हात मात्र उभं राहू नका.

बारीक माणसांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की आपल्याकडे दिसायला बारीक माणसाच्याही अंगात चरबी जास्त असते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापून आला. उंचीच्या मानानं वजन दोघांचं सारखंच, पण अंगातली चरबी याज्ञिकांची २१ टक्के, त्यांची ९.

आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरतात, त्यात कंबरेचं माप असतं. लाजू नका. बाईचं ८० आणि पुरुषाचं ९० सेंटिमीटरच्या वर गेलं तर उपकेंद्रात साखर, बीपी तपासून घ्या आणि लिव्हरचंही विचारा. २०२१ पासून फॅटी लिव्हर सरकारच्या असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात आहे. डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

ताईंची पावडर बंद आहे, कॅल्शियम उतरलं आहे. वजन चार किलो कमी झालंय. पुढच्या पौर्णिमेला येताना सासूबाईंनाही घेऊन या, असं आम्ही त्यांना सांगितलंय. रिपोर्ट आम्हीच वाचून दाखवू.