खेळातली शिवी आणि खेळातला विरोध



खेळ म्हटला की भांडण आलेच. हुतुतूत दम तुटला की नाही, विटीदांडूत विटी झेलली की जमिनीवरून उचलली, यावरून आपण सर्वांनीच लहानपणी आवाज चढवलेला आहे. तो वाद सोडवायला चार मोठी मुले असत, पारावर बसलेले एखादे आजोबा असत. आता मुलांच्या हातात मोबाइल आला आणि मैदानच बदलले. ते मैदान बाहेरच्याला दिसत नाही. मुलगा ओसरीवर एकटाच बसलेला दिसतो, पण त्याच्या कानात वीस ठिकाणचे आवाज येत असतात. ते आवाज काय बोलतात आणि कोणाला गप्प बसवतात, याचा आज थोडा विचार करू.

प्रथम हा खेळ चालतो कसा ते पाहू. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ नावाचा खेळ 2021 साली आपल्याकडे आला. त्यात सुमारे शंभर खेळाडू एका काल्पनिक बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत जो गट टिकेल तो जिंकतो. गट बहुधा चौघांचा असतो. चौघे मित्र जमले तर उत्तम, नाही तर यंत्रच अनोळखी गडी जोडून देते. हे गडी एकमेकांशी मोठ्याने बोलत खेळतात. मी राहतो त्या मीरा-भाईंदरमधील पेणकरपाड्याचेच उदाहरण घ्या. मुंबईच्या वेशीवरची ही वस्ती. इथे कोकणातले, देशावरचे, गुजरातेतले, उत्तरेकडचे लोक शेजारी शेजारी राहतात. इथला मुलगा खेळायला बसला की त्याच्या गटात एक कोल्हापूरचा, एक पाटण्याचा आणि एक हैदराबादचा असू शकतो. भाषा वेगळी, बोलण्याची ढब वेगळी. खरे म्हणजे ही केवढी मोठी संधी! परंतु पहिला डाव हरला की हीच वेगळेपणाची खूण शिवीचा विषय होते. कोणाच्या बोलीची टवाळी होते, कोणाच्या जातीधर्मावर घसरले जाते.

असे का व्हावे? घरी शहाण्यासारखा वागणारा मुलगा तिथे तोंड का सोडतो? जॉन सुलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 2004 साली याची कारणे मांडली. नाव लपलेले असते, समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि वरचढ असे कोणी जवळ नसते. पारावर कोणाला वेडेवाकडे बोललो, तर त्याचा उतरलेला चेहरा आपल्याला दिसतो आणि जीभ आपोआप आवरते. इथे तो लगामच नाही. मग उचलली जीभ, लावली टाळ्याला.

यावर कोणी म्हणेल, ‘मूठभर टवाळ पोरे असतात, त्यांना हाकलून द्या म्हणजे झाले.’ पण गोष्ट इतकी सोपी नाही. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ नावाचा खेळ जगभर खेळला जातो. तो चालवणाऱ्या ‘रायट गेम्स’ कंपनीने आपल्या खेळाडूंचे बोलणे तपासले. तेव्हा असे दिसले की, सतत वाईट बोलणारे खेळाडू शेकडा एकच्या आसपास होते आणि एकंदर घाणेरड्या बोलण्यातला त्यांचा वाटा शेकडा पाचच्या आसपास होता. उरलेले बोलणे बहुतेक साध्यासुध्या खेळाडूंचे होते. त्यांचा तो दिवस वाईट गेला होता, इतकेच. याच कंपनीने आणखी एक प्रयोग केला. विरुद्ध गटाशी बोलण्याची सोय तिने आपोआप बंद ठेवली. ज्याला बोलायचे असेल त्याने ती मुद्दाम सुरू करावी. एवढ्यानेच वाईट बोलणे जवळजवळ एक तृतीयांशाने घटले, चांगले बोलणे वाढले, आणि एकूण बोलणे मात्र होते तेवढेच राहिले. दारावर साधा अडसर असला तरी माणूस आत शिरण्यापूर्वी क्षणभर थांबतो. तो क्षणच महत्त्वाचा.

या शिव्यांचा सर्वांत मोठा भार पडतो तो मुलींवर. माझ्या वर्गातली एक विद्यार्थिनी चांगली खेळते, पण मुलाचे नाव घेऊन, आणि आवाज बंद ठेवून. गड्यांना सूचना द्यायची ती लिहून देते. अर्थात तेवढ्या वेळात डाव हातचा जातो. म्हणजे खेळ न येण्याने ती हरत नाही, बोलता न येण्याने हरते.

हे केवळ मोबाइलवरच्या लढायांत घडते असे समजू नका. बुद्धिबळासारख्या शांत खेळाचे पाहा. नागपूरची दिव्या देशमुख जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधील वाइक आन झी येथे खेळून आली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. आपल्या चाली पाहण्याऐवजी प्रेक्षक आपले कपडे, केस आणि उच्चार यांचीच चर्चा करतात, असे तिने समाजमाध्यमावर उघडपणे लिहिले. पुढे जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे तिने महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. पण एक लक्षात घ्या. तिची तक्रार खरी ठरायला विश्वचषकाची गरज नव्हती. ती हरली असती तरी तक्रार तितकीच खरी होती.

याहून जुनी गोष्ट मुंबईच्या रोहिणी खाडिलकरांची. 1976 साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या पुरुषांच्या राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धेत उतरल्या. त्यावरून मोठा गदारोळ झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. 1981 साली रोहिणीताई आशियाई विजेत्या झाल्या. पटापाशी बसण्याचा हक्क अशा रीतीने नियमाने मिळाला. पटापाशी सन्मानाने बसू देणे मात्र नियमाने पुरे होत नाही. ते भोवतीच्या माणसांच्या हातात असते.

आता आपण खऱ्या मुद्द्याशी येतो. शिवीगाळ थांबवायची म्हणून पुष्कळदा सरसकट सर्वांचीच तोंडे बंद केली जातात. ओल्याबरोबर सुकेही जळते. ‘तू मूर्ख आहेस, चालता हो,’ ही शिवी झाली. ‘हा नियम अन्यायाचा आहे,’ हा विरोध झाला. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने व्यवस्था सुधारते. दोहोंना एकच शिक्षा दिली तर काय होते? ऑक्टोबर 2019 मध्ये ‘हर्थस्टोन’ या पत्त्यांसारख्या खेळातल्या एका खेळाडूने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगमधील आंदोलनाच्या बाजूने घोषणा दिली. ब्लिट्झचुंग हे त्याचे खेळातले नाव. ‘ब्लिझर्ड’ कंपनीने त्याला वर्षभर बाहेर काढले आणि बक्षिसाची रक्कमही रोखली. जगभरच्या खेळाडूंनी संताप व्यक्त केला. तेव्हा कंपनीने बक्षीस दिले आणि बंदी सहा महिन्यांवर आणली. खेळाच्या व्यासपीठावर राजकारण आणावे की नाही, यावर दोन मते असू शकतात. पण त्याने कोणाला शिवी दिली नव्हती, हे तर खरे? गप्प बसवलेला माणूस पटलेला नसतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारा पुढे एक तर खेळ सोडतो, नाही तर स्वतःच शिवराळ होतो.

या कामी कायदा किती उपयोगी पडेल? ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. त्याने पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. ते आवश्यकच होते. धमकी किंवा अश्लील बोलणे असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हा क्रमांक आहे. पण रोजच्या डावात गड्याशी कसे बोलावे, हे कायदा शिकवत नाही. ते घरात आणि शाळेतच शिकावे लागते.

शिक्षक बंधुभगिनींना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. मोबाइल हिसकावून घेण्यापूर्वी मुलांना विचारा, ‘तुमच्या खेळात वाद झाला तर तुम्ही काय करता?’ मग त्यांच्याच तोंडची चार वाक्ये फळ्यावर लिहा, आणि शिवी कोणती व विरोध कोणता हे त्यांनाच निवडू द्या. शिवराळ बोलणाऱ्याचा आवाज आपल्यापुरता बंद करण्याची आणि त्याची तक्रार नोंदवण्याची सोय बहुतेक खेळांत असते. ती कुठे आहे ते मुलांना ठाऊक असते. कधी वापरावी हे मात्र सांगावे लागते. ‘तुझा डाव मला पटला नाही’ म्हणणाऱ्यावर ती वापरू नये, हेही सांगा. आणि वर्गात एखाद्या मुलीने हात वर करून ‘सर, हे मला मान्य नाही’ म्हटले, तर तिला बोलू द्या. ज्या वर्गात असे बोलता येते, तिथली मुले खेळताना आपल्या गड्यालाही बोलू देतील.