इंदापुरी पडलेला शिलेदार आणि त्याचे घर

शहाजीराजे व शिवाजीमहाराज यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. पण ज्या मालोजीराजांनी हे घर उभे केले, त्यांचा देह आपल्या इंदापूरच्या लढाईत पडला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? इंदापुरात त्यांच्या नावाची गढी आहे; आपण तिच्यावरून रोज जातो आणि मान वळवून पाहत नाही.

मालोजी हे वेरूळच्या बाबाजी भोसल्यांचे थोरले चिरंजीव, धाकटे विठोजी. दोघे भाऊ निजामशाहीच्या चाकरीत चढले. मालोजींची पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांची. नगरच्या शाहशरीफ पिराच्या नवसाने मुले झाली, म्हणून त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, असे परंपरा सांगते. हिंदू सरदाराच्या घरी मुसलमान पिराचे नाव नांदले, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नाही. शिखर शिंगणापूरचा मोठा तलावही मालोजींनीच बांधविला.

आता जहागीर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. ती मालकीची जमीन नव्हे. सरदाराने घोडी व माणसे बाळगावी, हुकूम होताच चालून जावे, आणि त्याबद्दल ठरल्या मुलखाचा वसूल घ्यावा. म्हणजे तो पगारच! चाकर पडला की पगारही थांबू शकतो. मालोजी पडले तेव्हा मुले लहान होती. पुणे-सुप्याची जहागीर टिकली, कारण विठोजी पुतण्यांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांना स्वतःचे आठ मुलगे होते, तरी त्यांनी भावाचे घर मोडू दिले नाही.

पुढे लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई या घरात सून म्हणून आली. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या रणात पडले. १६३० साली शिवाजीमहाराज जन्मले; आणि १६५६ साली त्यांनी आपल्या बारामती तालुक्यातले सुपे सावत्र मामा संभाजी मोहित्यांकडून घेतले. म्हणजे आजोबांच्या जहागिरीचाच ठाणा नातवाला हाती घ्यावा लागला.

कामगारांत माझे आयुष्य गेले. कमावता माणूस कामावर पडला की घरातले पहिले विचारतात, 'आता पोरांचे काय?' मालोजींच्या पोरांना विठोजी होते. पण त्याच रणात पडलेल्या साध्या बारगिराच्या पोरांना कोण होते? इतिहासाने त्यांची नावे लिहून ठेवली नाहीत. गढीकडे पाहाल तेव्हा मालोजीराजांना मुजरा करा, आणि त्या नाव नसलेल्यांचीही आठवण ठेवा.