ब्रॉयलरच्या खाद्यातील मेथिओनिन आणि लायसिन

नागपूर-कामठी भागात आपले अनेक बांधव चिकनच्या धंद्यात आहेत. कोणाचे दुकान आहे, कोणाची माल वाहणारी गाडी, तर कोणी शहराबाहेर चार-पाच हजार पक्ष्यांचे शेड टाकले आहे. कंपनीशी करार असेल तर खाद्य तयार येते. परंतु जे बांधव स्वतः मका आणि सोयापेंड आणून खाद्य बनवितात, त्यांच्याकडून आम्हाला वारंवार विचारणा होते की, ही मेथिओनिन-लायसिनची महाग पूड खरोखर लागते का?

लागते. का ते पाहू. प्रथिन ही एकच वस्तू नसून सुमारे वीस अमिनो आम्लांची जुळणी असते. आपल्या शिंपी बांधवांना हे लगेच उमजेल. शंभर सदऱ्यांचे कापड आहे, पण गुंड्या साठच सदऱ्यांच्या आहेत, तर तयार सदरे साठच निघणार. उरलेले कापड निदान कपाटात ठेवता येते. कोंबडीला तीही सोय नाही. जास्तीची अमिनो आम्ले तिचे शरीर जाळून टाकते, त्यांचे युरिक आम्ल विष्ठेतून जाते, भुसा ओला होतो आणि शेडमध्ये अमोनियाचा वास कोंदतो. म्हणजे पेंडेचे पैसे विष्ठेत गेले.

मका-सोयाच्या खाद्यात सर्वप्रथम कमी पडते ते मेथिओनिन, त्यानंतर लायसिन, मग थ्रिओनिन. साधा हिशेब करू. शंभर किलोत ६० किलो मका आणि ३५ किलो सोयापेंड घातली, तर प्रथिन सुमारे २१ टक्के येते. मेथिओनिन मात्र ०.३३ टक्क्यांच्या आसपासच राहते. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकात ब्रॉयलर स्टार्टरसाठी ते ०.५ टक्के सांगितले आहे. ही तूट टनामागे पावणेदोन किलो पुडीने भरते. तीच तूट पेंड वाढवून भरायची म्हटली तर खर्च कुठल्या कुठे जाईल.

लायसिनचे महत्त्व पेंड महागते तेव्हा कळते. २०२१ मध्ये सोयाबीनचे भाव इतके चढले की, ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडेच्या आयातीस परवानगी द्यावी लागली. अशा वेळी फिनिशर खाद्यात पेंड थोडी कमी करून लायसिन व मेथिओनिन वाढविता येते. मात्र याला मर्यादा आहे. पेंड फार कमी केली की थ्रिओनिन आणि इतर आम्लेही कमी पडू लागतात.

आमच्या ओळखीच्या एका बांधवाने नेमके उलटे केले. पेंड कमी केली आणि बचत म्हणून पूडही निम्मी केली. पक्ष्यांनी खाद्य भरपूर खाल्ले, परंतु पिसे विरळ राहिली, छातीचे मांस भरले नाही, पोटात चरबी साठली. वजन कमी आल्याने त्यांना सारी बॅच तोट्यात विकावी लागली. बचत झाली होती ती फक्त काही किलो पुडीची!

ही पूड कशापासून बनते, असेही बांधव विचारतात. मेथिओनिन कारखान्यात रसायनांपासून तयार होते. लायसिन साखर, मळी किंवा स्टार्चवर जिवाणू वाढवून, आंबवून काढतात. पशुखाद्यासाठी विकली जाणारी ही दोन्ही प्राण्यांच्या शरीरातून काढलेली नसतात. आपल्याकडे येणारे बहुतेक मेथिओनिन आयातीचे असल्याने डॉलर चढला की त्याचा भावही चढतो.

घोळण्यात अनेकांची चूक होते. टनभर खाद्यात दोन किलो पूड थेट टाकली तर एका घमेल्यात जास्त आणि दुसऱ्यात काहीच नाही, असे होते. आधी दहा-वीस किलो दळलेल्या मक्यात ती नीट मिसळावी, मग मिक्सरमध्ये घालावी. सीलबंद पिशवीच घ्यावी. सुटा माल स्वस्त दिसला तरी त्यात काय आहे हे डोळ्यांनी कळत नाही. मेथिओनिनला गंधकासारखा उग्र वास असतो, पण केवळ वासावर विसंबू नये. पेंडही पाहावी. ती करपलेली असेल तर तिच्यातील लायसिन पक्ष्याला लागत नाही, आणि कच्ची असेल तर प्रथिन पचत नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा जास्तीचे प्रथिन पचविताना पक्ष्याच्या शरीरात उष्णता वाढते. त्या दिवसांत प्रथिन थोडे उतरवून अमिनो आम्लांनी तोल राखणे सोयीचे पडते. लायसिन हायड्रोक्लोराइडच्या रूपात मिळते, त्यामुळे खाद्यात क्लोराइड वाढते. मिठाचे प्रमाण त्यानुसार बेताचे ठेवावे. सूत्र बदलण्यापूर्वी १९५८ पासून चालू असलेल्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयातील पशुपोषणाच्या तज्ज्ञांना विचारावे, आणि जाताना आपल्या मक्या-पेंडेचा नमुना सोबत न्यावा.