मिशीवाला मासा झाडूवाला नाही

घरात काचेची टाकी आली की दुकानातून एक सल्ला हमखास मिळतो: सोबत एखादा कॅटफिश न्या, तळाची घाण तो खाऊन टाकेल. या समजुतीत खरं एवढंच, की हा मासा तळाशी चरतो. बाजारात सर्रास मिळणारा कॅटफिश म्हणजे कोरीडोरस, थोडक्यात कोरी; हा पाच-सात सेंटिमीटरचा, मूळ दक्षिण अमेरिकेतला जीव. मिशांनी वाळू चाचपत तो कृमी, अळ्या आणि खाली पडलेले दाणे शोधतो. इतर माशांची विष्ठा त्याचं अन्न नाही. शिवाय जे खातो ते पचवून तोही विष्ठा टाकतो, कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत ‘सफाई’साठी आणलेला मासा घाणीत भरच घालतो. घाण निस्तरतात ते फिल्टरच्या स्पंजात आणि वाळूत वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट बाहेर काढायला आठवड्याला थोडं पाणी बदलावंच लागतं. वरचे मासे दाणे फस्त करतात, त्यामुळे कोरीला बुडणारं खाद्य वेगळं द्यायला हवं. तो कळपात राहणारा मासा आहे. पाच-सहांच्या सोबतीशिवाय तो बुजून कोपरा धरतो. ‘एकच पुरे’ हा सोयीचा हिशेब आपला, त्याचा नव्हे.

यावर आक्षेप येतो: हा मासा मधूनच वर येऊन हवा गिळतो, मग घाण पाण्यातही तो तगणारच. निरीक्षण अचूक आहे. गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्याच्या मागच्या भागातून रक्तात घेतो, आणि अधूनमधून असं करणं त्याच्या स्वभावातलंच आहे. पण प्राणवायू कमी पडणं वेगळं आणि पाणी विषारी होणं वेगळं. हवा गिळून पहिल्यावर उतारा मिळतो. अमोनिया मात्र कल्ल्यांना जाळतच राहतो. उलट घाण साचते ती तळाशी, आणि हा राहतोही तिथेच. कुजका गाळ किंवा धारदार खडी असेल तर त्याच्या मिशा झिजतात, सडतात. ‘आमचा तर वर्षभर जगला’ असं सांगणाऱ्यांनी एकदा त्या मिशा नीट पाहाव्यात.

नवापूरसारख्या उष्ण ठिकाणी पाण्याचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. टाकीला हीटर हवाच, हा गैरसमज थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला. कोरीला साधारण २२ ते २६ अंश मानवतं. इथे हिवाळ्याच्या रात्री हीटर उपयोगी पडतो खरा, पण उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा धोका उलट बाजूने असतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे आठ मिलिग्रॅमहून थोडा जास्त प्राणवायू मावतो, ३५ अंशांना सातच्या आसपास; त्यातच ऊन पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. तेव्हा गरज असते ती एअर पंपाची, सावलीतल्या जागेची आणि हात आखडून खाद्य देण्याची. बर्फाचे खडे टाकून पाणी झटक्यात गार करणं हा उपाय नव्हे, नवा धक्का आहे.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज ‘सकर’ या दुसऱ्या कॅटफिशबद्दलचा. काच चाटणारं ते बोटाएवढं पिल्लू लहानच राहील असं वाटतं. प्रत्यक्षात ते फूटभराहून मोठं होतं. मग टाकी अपुरी पडते आणि पुण्य म्हणून त्याला नदीत सोडलं जातं. नवापूरच्या रंगावली नदीत सोडलेला मासा तिथेच थांबत नाही. नवापूरचं रेल्वे स्थानक अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. नदीला तर तेवढीही सीमा नाही, तिचं पाणी पुढे तापीत, उकाईच्या जलाशयात जातं. कोलकात्याच्या पूर्वेकडच्या पाणथळीत आणि केरळात सकर असाच पसरला आहे. काठ पोखरून तो बिळं करतो, त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि त्याला बाजारात भाव नसतो. एक सोडल्याने काय होतं, हा युक्तिवाद प्रत्येक सोडणारा करतो. तिथेही सुरुवात अशाच सुट्या माशांनी झाली असणार. नको झालेला सकर दुकानदाराला किंवा मोठी टाकी असलेल्याला द्यावा. त्याहून बरं, शेवाळ हाताने पुसावं आणि तो आणूच नये.